विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता काय? दुकानाचा कॉम्प्युटर बदलण्याआधी स्वतःला विचारा हे पाच प्रश्न



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय आहे ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची की नाही. व्हिडिओत सगळे आकडे आणि स्टेप्स नीट सांगता येत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी तुम्हाला एक यादी करायची आहे.

आधी मुद्दा काय आहे ते समजून घ्या

विंडोज १० बाजारात आलं जुलै २०१५ मध्ये. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला का? नाही. तो आजही सुरू होतो, टॅली उघडतं, बिल निघतं. बंद झालं ते एकच, दर महिन्याला येणारे मोफत सिक्युरिटी अपडेट.

"मग काय बिघडलं? चालतंय ना!" हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. त्यासाठी मे २०१७ आठवा. वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. फाइल्सना कुलूप लावायचं आणि पैसे मागायचे, हा त्याचा धंदा. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला त्यांचं ते भोक बुजलेलं होतं, ज्यांनी टाकला नाही ते अडकले. आता विचार करा, ज्या मशीनला अपडेट येणारच नाही, तिचं काय?

तुमच्या दुकानातला कॉम्प्युटर जुना असेल, त्याची किंमत आज पाच हजारसुद्धा येणार नाही. पण आतमध्ये सात-आठ वर्षांची खाती आहेत, कोणाकडून किती येणं आहे ते आहे, जीएसटीचा हिशोब आहे. जपायचं आहे ते हे. डबा नाही.

तुमच्यासमोर चार रस्ते आहेत

पहिला रस्ता: त्याच मशीनवर विंडोज ११. मशीन पात्र असेल आणि विंडोज १० ओरिजिनल असेल तर हे अपग्रेड फुकट आहे. अट काय? किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. ओळखायचं कसं? 'आय-५' नंतर डॅश असतो, त्यापुढचा नंबर बघा. ८, ९ किंवा १ ने सुरू होत असेल तर बहुतेक चालेल. ७ किंवा त्याखालचा असेल तर बहुतेक नाही. पक्कं उत्तर हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप टाका, दोन मिनिटांत सांगतं. एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याचदा टीपीएम मशीनमध्ये असतं, पण बायोसमध्ये बंद असतं. 'चालणार नाही' असा मेसेज आला की लगेच नवीन मशीन घ्यायला पळू नका, आधी तुमच्या हार्डवेअरवाल्याकडून हे तपासून घ्या.

अपात्र मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकून देणारे भरपूर आहेत. टाकता येतं, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कारणासाठी बदल करतोय, तेच कारण मग उरत नाही.

दुसरा रस्ता: पैसे भरून मुदत वाढवणे. याला एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट म्हणतात. व्यवसायांसाठी दर जाहीर झाला तो पहिल्या वर्षी प्रत्येक कॉम्प्युटरला ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. म्हणजे ६१, १२२ आणि २४४. तीन वर्षांचे झाले ४२७ डॉलर, आणि तेही एका मशीनचे! शिवाय 'दुसऱ्या वर्षापासून घेतो' म्हणालात तरी पहिल्या वर्षाचे पैसे द्यावेच लागतात. एका वर्षाची सोय म्हणून ठीक आहे, पण तीन वर्षांच्या पैशात साधा नवा किंवा चांगला रिफर्बिश्ड डेस्कटॉप बघता येतो.

तिसरा रस्ता: नवीन मशीन. सगळ्यात महाग, पण सगळ्यात कमी डोकेदुखी. जुनी सॉफ्टवेअर्स बहुतेक जशीच्या तशी चालतात.

चौथा रस्ता: लिनक्स. उबुंटू किंवा लिनक्स मिंट. लायसन्सचा खर्च शून्य आणि जुन्या मशीनवर बऱ्यापैकी पळतं. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर आरामात. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. हे काही हौशी लोकांचं खेळणं नाही. केरळच्या सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं लिनक्सवरच मुलं शिकतात.

मग सगळ्यांनी लिनक्सच घ्यावं का? थांबा. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं. हजारो कॉम्प्युटर बदलले. आणि २०१७ मध्ये तिथल्याच सभागृहाने परत विंडोजवर जायचा निर्णय घेतला. कारणांवर आजही वाद आहेत, पण आपल्यासाठी धडा सरळ आहे. सिस्टीम फुकट असली तरी बदल फुकट नसतो. माणसांना शिकवायचा वेळ, अडलेली कामं, न चालणारी सॉफ्टवेअर्स, हा सगळा खर्चच आहे.

आता ते पाच प्रश्न

१. माझं मुख्य सॉफ्टवेअर कुठे चालतं? टॅली विंडोजसाठीच बनलंय. लिनक्सवर काही जण ते जुळवून चालवतात, पण ३१ मार्चच्या रात्री ते अडलं तर मदतीला कोण येणार? तुमचं काम टॅली, मार्ग, बिझी अशा सॉफ्टवेअरवर असेल तर त्या मशीनवर विंडोजच ठेवा. फ्लेक्स, बॅनर, लग्नपत्रिकावाल्यांचं कोरल ड्रॉ, त्यालाही हेच लागू. तुमचं सगळं काम ब्राउझरमध्ये असेल, म्हणजे ऑनलाइन बिलिंग, जीमेल, व्हॉट्सॲप वेब, नेट बँकिंग, तर लिनक्स आरामात चालेल.

२. मशीनला काय काय जोडलंय? बिलाचा थर्मल प्रिंटर, बारकोड स्कॅनर, लेबल प्रिंटर, बायोमेट्रिक, डिजिटल सिग्नेचरचं टोकन. प्रत्येकाला नव्या सिस्टीमचा ड्रायव्हर मिळतो का, हे विकणाऱ्याला फोन करून विचारा. जीएसटी रिटर्न प्रोप्रायटर ओटीपीवर भरू शकतो. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सिग्नेचर लागते, आणि ई-टेंडर भरणाऱ्यांना तर लागतेच. टोकन चाललं नाही म्हणून टेंडरची तारीख हुकली, हा तोटा कुठल्याही लायसन्सपेक्षा मोठा.

३. माझ्या जुन्या मराठी फाइल्सचं काय? हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडतो, आणि इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगत नाही. श्री-लिपी, आयएसएम किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली पत्रं, कोटेशन, दरपत्रकं असतील तर नव्या मशीनवर तो फाँट नसेल तेव्हा अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. फाँट सोबत न्या, आणि महत्त्वाच्या फाइल्स युनिकोडमध्ये बदलून घ्या. युनिकोड मराठी विंडोज, लिनक्स, मोबाइल सगळीकडे सारखंच दिसतं.

४. हे मशीन वापरतं कोण? तुम्ही शिकाल हो, पण काउंटरवरचा मुलगा? दहा वर्षं एकाच जागी एकच बटण दाबणाऱ्या तुमच्या अकाउंटंट मॅडम? त्यांना विचारल्याशिवाय निर्णय घेतला तर पहिले पंधरा दिवस रोज तुम्हालाच फोन येतील.

५. बिघडलं तर येणार कोण? तुमच्या गावात, तुमच्या बाजारपेठेत लिनक्स जाणणारा माणूस आहे का? नसेल तर मुख्य मशीनवर प्रयोग नको.

तीन उदाहरणं

समजा, तुमचं होलसेल किराणा आहे, एकच कॉम्प्युटर, त्यावर टॅली, आणि मशीन सहाव्या जनरेशनचं. तर टॅलीसाठी नवीन किंवा रिफर्बिश्ड मशीन घ्या. जुनं टाकू नका. त्यावर मिंट टाकून ऑर्डर, मेल आणि व्हॉट्सॲपसाठी ठेवा.

समजा, तुमचे कोचिंग क्लासेस आहेत, चार कॉम्प्युटर, आणि काम म्हणजे नोट्स, पीडीएफ आणि ऑनलाइन लेक्चर. तर तीन मशीन लिनक्सवर न्यायला हरकत नाही, एक विंडोजवर ठेवा.

समजा, तुमचं सीए किंवा टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस आहे. लोकांचा डेटा तुमच्या हातात आहे. तिथे ना जुनं विंडोज, ना जुगाड. पात्र मशीन आणि ओरिजिनल विंडोज ११, विषय संपला.

ठरलं असेल तर असं करा

- आधी बॅकअप. टॅली प्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून डेटा मेन्यूतून बॅकअप घ्या. एक कॉपी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर.
- बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही. तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून ट्रायल बॅलन्स जुळवा. जुळला तरच बॅकअप खरा.
- मशीन बदलणार किंवा फॉरमॅट करणार असाल तर टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून आधी सरेंडर करा.
- लिनक्स बघायचं असेल तर लगेच फॉरमॅट करू नका. पेनड्राइव्हवरून ते इन्स्टॉल न करता चालवता येतं. वाय-फाय, प्रिंटर आणि आवाज तपासा. पटलं तर पुढे जा.
- दिवस बघून बदल करा. जीएसटीची ११ आणि २० तारीख टाळा, मार्च महिना तर पूर्ण टाळा. २२ नंतरचा आठवडा बरा.
- जुनं मशीन महिनाभर तसंच ठेवा, इंटरनेट काढून. एखादी विसरलेली फाइल तिथेच सापडते.

आणि आजच बदल शक्य नसेल तर निदान एवढं करा. विंडोज १० च्या मशीनवरून नेट बँकिंग बंद करा, बाहेरचे पेनड्राइव्ह लावू देऊ नका, ब्राउझर अपडेट ठेवा आणि बॅकअप रोज घ्या. हा उपाय कायमचा नाही, पावसात ताडपत्री टाकण्यासारखा आहे. छप्पर शेवटी दुरुस्त करावंच लागतं.

आता ती यादी. एका कागदावर चार रकाने आखा: सॉफ्टवेअर, जोडलेली मशीन्स, वापरणारा माणूस, दुरुस्त करणारा माणूस. दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरसाठी एक ओळ भरा. अर्धा तास लागेल. एकही रकाना रिकामा राहिला नाही, तर कुठला रस्ता तुमचा आहे हे मी सांगायची गरजच राहणार नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत बॅकअप घ्या, आणि धंदा जोरात करा!