हाताने लिहिलेली सनद

गॅदरिंग जवळ आले की जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत प्रमाणपत्रांचे गठ्ठे येतात. एकच छापील वेलबुट्टी, टिंबांची रेघ आणि त्यावर बॉलपेनने घाईत लिहिलेले मुलाचे नाव. आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे काही शिक्षक गेली काही वर्षे निवडक बक्षिसांसाठी जुन्या फर्मानाच्या धर्तीवर हाताने सनदा करतो.

हे वेड आमचे एकट्याचे नाही. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेली ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम’ ही संस्था मध्ययुगीन दरबार हौसेने पुन्हा उभा करते. तिथे मान मिळवणाऱ्याला सोनेरी वेलींची सनद मिळते आणि ती सभासदच रंगवतात. आपल्याला मात्र इतके लांब जायची गरज नाही. एरंडोलचा हातकागद एकेकाळी नावाजलेला होता. फारुकी सुलतानांचे बऱ्हाणपूर भुसावळहून जवळच. तिथल्या जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. जुनी कागदपत्रे पाहायची तर धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आहेच.

कागद आम्ही हातकागदच घेतो. त्याला पातळ खळ लावून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटावे लागते. नाहीतर शाई फुटते. शाई दिव्याच्या काजळीची, त्यात बाभळीचा डिंक. दौतीत रेशमी धाग्यांचा गोळा ठेवला की बोरू जास्त शाई उचलत नाही. आधी मजकूर, मग जदवल म्हणजे चौकटीच्या रेघा, आणि तज़हीब, म्हणजे सोनेरी नक्षी, सगळ्यात शेवटी. स्वस्त सोनेरी पूड पितळेची असते, ती पुढे काळवंडते. म्हणून सोनेरी रंग थोडाच, पण चांगला वापरावा.

फर्मानात ओळीचे डावे टोक वर चढत जाते. दिसायला डौलदार, पण त्याने शेवटी रिकामी जागाही उरत नाही, कोणी मागाहून शब्द घुसडू शकत नाही. मराठेशाहीच्या पत्रांत मजकूर संपताच मर्यादा मुद्रा उठवत, तिचेही काम तेच. आमच्या सनदेवर उर्दू आणि मराठी शेजारी असतात. नस्तालीकमध्ये आडवा पसारा जाड आणि उभा अलिफ बारीक. देवनागरीचा उभा दंड मात्र भरदार. त्यामुळे बोरू हातात वेगळा फिरवावा लागतो, आणि मुलांना हे शिकायला पूर्ण हिवाळा जातो.

सनदेवर कुरआनची आयत लिहावी का, यावर पालकांत बरीच चर्चा झाली. कागद कुठेही ठेवला जातो, कधी रद्दीतही जातो; अदब राहायला हवा. म्हणून आम्ही आयत लिहीत नाही, वरची जागा कोरी सोडतो. नक्षीत प्राणी-पक्षी नाहीत. मुलींनी त्याऐवजी कापसाचे फूल आणि केळीचे पान आणले. इराणी वेलीपेक्षा ते आम्हाला जास्त आवडते, खरे सांगायचे तर.

खरी कसोटी नावाची. देवनागरीत ‘आमिर’ एकच. उर्दूत तो ‘ऐन’ने की ‘अलिफ’ने, यावर अर्थ बदलतो. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक संगणकावर आले, पुढे कातिबांची रोजी गेली, आणि आता मुले मोबाइलवर उर्दूही रोमन अक्षरांत लिहितात. आपले नाव कसे लिहितात हे विचारले की काही मुले गप्प होतात. मग आम्ही घरी चिठ्ठी पाठवतो. कुणाची दादी निकाहनामा काढते, कुणाचे अब्बा मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून येतात. एका निवृत्त होणाऱ्या शिपाईचाचांचे नाव सेवापुस्तकात एक, आधारवर दुसरे आणि पगारपत्रकात तिसरे होते. त्यांच्या सिपासनाम्यासाठी त्यांनी स्वतः कागदावर बोट फिरवून दाखवले: ‘तोय’ने लिहा, ‘ते’ने नाही, अब्बांनी तोय शिकवली होती.

सनद हाती पडली की बहुतेक पालक ती थेट लॅमिनेशनच्या दुकानात नेतात. प्लॅस्टिक एकदा चिकटले की निघत नाही आणि हातकागदाची सगळी मजा जाते. म्हणून आता आम्ही ती पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळूनच देतो. कापड दुकानात थान संपले की आतली नळी उरते. दुकानदार ती फुकट देतात.