नवा गेम घेण्याआधी

‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. त्याआधीच्या परीक्षणांत त्याचं भरभरून कौतुक झालं होतं. पण परीक्षकांना मिळाली होती ती संगणकावरची आवृत्ती. सोनीच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलवर तोच गेम अडखळत होता, मध्येच बंद पडत होता. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. तो परत आला जून २०२१ मध्ये.

असं का झालं? पडद्यावरचं चित्र सेकंदाला ३० वेळा बदलायचं, तर कन्सोलला एका चित्रासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० वेळा बदलायचं, तर जेमतेम १७. माणसांनी, गाड्यांनी गजबजलेलं शहर तेवढ्या वेळात रेखाटणं जुन्या यंत्राला जमलं नाही की चित्र उशिरा येतं, आणि बटण दाबल्यावरचा प्रतिसादही. वेचक प्रसंगांच्या ट्रेलरमध्ये हे कळत नाही.

म्हणून परीक्षणांतल्या गुणांची नुसती सरासरी मला अपुरी वाटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ साठी खास आवृत्ती आली, तेव्हा हाच गेम बराच सुधारला होता. तुमच्याकडे जो कन्सोल आहे, त्याच्यावरच खेळलेला सलग अर्धा तास आधी पाहा, आणि आगाऊ पैसे भरू नका.