लॅपटॉप त्याचा, समुद्र माझा?

ऑफिसचं काम आणि कोकणची ट्रिप एकाच बॅगेत भरून निघताय? मग निघण्याआधी दोघांनी बसून एक गोष्ट ठरवा. काम कुणाचं आणि ट्रिप कुणाची?

फोटो काय मस्त येतो, नाही? समोर समुद्र, डोक्यावर माडांची सावली, टेबलावर उघडा लॅपटॉप आणि शेजारी चहाचा कप. खाली दोनच शब्द टाकायचे, 'टुडेज ऑफिस'. की लागलीच लाइक्सचा पाऊस!

आता फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी सांगू? उन्हात स्क्रीनवरचं अक्षरही दिसत नाही. की-बोर्डमध्ये वाळू जाते. माडाखाली बसू नका, नारळ पडेल, म्हणून घरमालकीण काकू ओरडत असतात. आणि फोटो काढण्याच्या दहा मिनिटं आधी त्याच टेबलाशी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालेलं असतं!

जानेवारीतली गोष्ट. आम्ही दोघं आठ दिवस रत्नागिरीत होतो. नवरा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी दहाला टीमचा कॉल, संध्याकाळी साडेसहाला अमेरिकेतल्या क्लायंटचा. मी फ्रीलान्स लिहिणारी. मला कातळशिल्पांवर लेख करायचा होता. नवऱ्याचा हिशेब सोपा होता. 'तुझं काम होईल, माझी सुट्टी वाचेल, वर ट्रिप फुकट!'

हे 'वर्केशन' नावाचं प्रकरण करोनाच्या काळात आपल्याकडे चांगलंच रुजलं. मुंबई-पुण्याची मंडळी लॅपटॉप घेऊन कोकणात, गोव्यात महिना महिना राहून आली. आम्हालाही वाटलं, ह्यात काय अवघड आहे?

मंगळवारी पोचलो. बुधवारी संध्याकाळी कळलं काय अवघड आहे ते!

सडा, सूर्य आणि स्टँडअप कॉल

रत्नागिरी, राजापूर भागात जांभ्या दगडाचे मोठाले उघडे सडे आहेत. त्या कातळावर प्राचीन काळी कुणीतरी प्राणी, मासे, माणसं आणि आजही न उलगडलेल्या आकृती कोरून ठेवल्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारत ही चित्रं शोधली, त्यांच्या नोंदी केल्या. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीचा हत्ती, बारसूचा सडा, कशेळीची भलीमोठी हत्तीची आकृती आणि तिच्या आत कोरलेले कितीतरी प्राणी... बघाल तर थक्क व्हाल.

पण बघाल कधी, हा खरा प्रश्न! भर दुपारी ऊन डोक्यावर असताना गेलात तर कातळ नुसता पांढुरका दिसतो. कोरीव रेषा उठून दिसतात त्या तिरप्या उन्हात. म्हणजे सकाळी लवकर, नाहीतर संध्याकाळी. नेमकं त्याच वेळी नवऱ्याचे कॉल! गाडी एकच. मला गाडी चालवता येते, पण अनोळखी सड्यावर संध्याकाळी एकटीनं जायला नको, असं दोघांचंही म्हणणं. आणि सड्यावर नेटवर्कची खात्री नाही, म्हणून तो खोलीतून हलायला तयार नाही.

"तू दुपारी जाऊन ये ना. तुझं काय, फिरणंच तर आहे!"

झालं. एवढ्या एका वाक्यावर आमचं वर्केशन आटोपायची वेळ आली. त्याचं ते काम आणि माझं ते फिरणं? त्याच्या लॅपटॉपला मीटिंग म्हणायचं आणि माझ्या वहीला हौस? त्या रात्री काकूंनी केलेली सोलकढीही आम्ही एकमेकांकडे न बघता प्यायलो.

नांदूरघाटहून फोन

गुरुवारी सासूबाईंचा फोन आला. माझं सासर नांदूरघाट, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं. समुद्र कुठे आणि हे गाव कुठे!

"काय गं, नीट हाव ना तिकडं? त्यो काय करतोय?"

"काम चाललंय त्याचं."

"आन् तू?"

"माझंही कामच चाललंय, आई."

"तुझं कसलं काम गं समुद्रावर?" म्हणून त्या खळखळून हसल्या. मग गावाकडच्या बातम्या. पाणी, तूर, कुणाचं लग्न जमलं ते. "गल्ली समदी रिकामी हाय बघ. जोडीजोडीनं गेलेत कारखान्याला."

फोन ठेवला आणि ते 'जोडीजोडीनं' डोक्यातून जाईना. आपण 'वर्केशन'चं केवढं अप्रूप करतो. पण नवरा-बायकोनं मिळून कामासाठी गाव सोडणं ही बीड जिल्ह्यात बातमीच नाही. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, कोपी बांधून राहायचं आणि हंगाम संपला की परतायचं. तिथे नवरा-बायको मिळून म्हणतात 'एक कोयता'. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. त्याच्याआधी पहाटे उठून भाकरी थापलेल्या असतात त्याही तिनेच. पैसे मिळतात टनावर. माणसं दोन, पण हिशेबाला कोयता एकच. त्यातले तिचे किती, हे बहुतेकदा कुठेच लिहिलेलं नसतं.

आमच्या पंख्याखालच्या खोलीची त्या कोपीशी तुलना करायचा आगाऊपणा मी करणार नाही. तरी रात्री नवऱ्याचा कॉल संपल्यावर त्याला हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी लहान असताना आईनं पण दोन हंगाम केलेत. पैसे दादांच्या हातात यायचे. आजही विचारलं ना, तर ती म्हणते, मी काय, नुसती ह्यांच्यासंगं गेले होते."

लग्नाला तीन वर्षं झाली. हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. त्यानंतर 'सॉरी' म्हणायची गरज दोघांनाही पडली नाही.

काकूंचं टाइमटेबल

टाइमटेबल दिलं काकूंनीच. त्या भिंतीवरचं कॅलेंडर बघूनच सांगतात, समुद्र कधी कुठे असेल! हिशेब एकदम सोपा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाला. त्याच्या आगेमागे सहा तासांनी ओहोटी. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. समुद्र काही आपल्या मीटिंगसाठी थांबत नाही, मग मीटिंगच त्याच्या वेळेत बसवायची!

शुक्रवारी चतुर्थी होती, ओहोटी सकाळी नऊला. भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून दोघं मनसोक्त चाललो आणि दहाच्या कॉलला तो खोलीत हजर. दुपारनंतर त्याने चक्क हाफ-डे टाकला. पावस, पूर्णगडवरून आम्ही कशेळी गाठली. कनकादित्याच्या देवळात टेकलो आणि उन्हं कलताना सड्यावर पोचलो. हा गडी माझा असिस्टंट! वहीत नोंदी त्याने केल्या, पाण्याची बाटली त्याने सांभाळली. सावल्या लांब झाल्या तसा कातळातला हत्ती हळूहळू वर आला. "आयला, हे तू दुपारी बघितलंच नसतंस!" नवरा म्हणाला. हेच तर सांगत होते ना दोन दिवस!

शनिवार दोघांचा. जयगडला गाडीसकट फेरीबोटीत चढलो आणि खाडी ओलांडून तवसाळला उतरलो. पंचमीची भरती पावणेचारला, त्या बेताने हेदवीला बामणघळीवर. खडकाच्या अरुंद भेगेत लाट घुसते आणि पाणी उसळून वर येतं. ओहोटीला गेलात तर 'ह्यात काय बघायचं?' म्हणून परत याल.

रविवारी रत्नदुर्ग आणि थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाच्या ह्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१० मध्ये तो ह्या राजवाड्यात राहायला आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. तीस वर्षं समुद्रकाठी, पण परत जायची मुभा नाही. आपली मंगळवारची परतीची वाट तिथून बरी वाटायला लागते!

सोमवारी त्याचं रिलीज होतं. बाहेर सूर्यास्ताची वेळ. मी एकटी जाऊ शकले असते, पण खोलीत बसून लेखाचा पहिला खर्डा लिहून काढला. रात्री साडेदहाला दोघांचंही काम संपलं. काकूंनी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं ठेवलं होतं. आठ दिवस 'ज्वारीची भाकरी मिळेल का?' विचारणाऱ्या आमच्या बीडकराने ती न बोलता खाल्ली.

निघताना सासूबाईंना फोन केला. ह्या वेळी नवऱ्याने.

"झालं का रं काम?"

"झालं आई. दोघांचं बी झालं."

पलीकडे जरा शांतता. मग त्यांनी विचारलं, "तिला दे की फोन. कसलं काम केलं ते तरी सांगू दे."

रत्नागिरीहून पुण्याकडे येताना आंबा घाट संपेपर्यंत मी त्यांना कातळातल्या हत्तीबद्दल सांगत होते. मध्येच नेटवर्क जायचं, मग त्याच पुन्हा लावायच्या.

निघण्याआधी...

- दोघांच्या कामाच्या वेळा एकाच कागदावर लिहा. 'माझं काय, मी करीन कधीतरी' हे वाक्य बाद!
- खोली बुक करताना 'वाय-फाय आहे का?' एवढंच विचारू नका. लाइट गेल्यावर ते चालतं का, तेही विचारा.
- दोन वेगळ्या कंपन्यांची सिम कार्डं जवळ ठेवा. महत्त्वाचा कॉल असेल त्या दिवशी सड्यावर जाऊ नका.
- कातळशिल्पं सकाळी किंवा संध्याकाळीच बघा. गावातला माहीतगार सोबत घ्या आणि चित्रांवर पाय देऊ नका.
- समुद्रात उतरण्याआधी स्थानिकांना विचारा. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तितका साधा नाही.
- आठवड्यात किमान एक दिवस दोन्ही लॅपटॉप बंद. दोन्ही म्हणजे दोन्ही!