कागदी पाहुणा

पत्र लिही, असे मुलास सांगणे सोपे असते. काय लिहावे, हे सांगणे अवघड. ‘पत्रास कारण की’ एवढे लिहून झाले की लेखणी अडते, कारण मुलापाशी खरे कारण काहीच नसते. ते पुरविण्याची एक साधी युक्ती कॅनडातील एका शिक्षकास सुचली.

अमेरिकन लेखक जेफ ब्राउन यांचे ‘फ्लॅट स्टॅन्ली’ हे बालपुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले. झोपलेल्या स्टॅन्लीच्या अंगावर मोठा सूचनाफलक पडतो आणि तो कागदासारखा चपटा होतो. पुढे आईवडील त्याला लखोट्यात घालून टपालाने कॅलिफोर्नियास धाडतात. या कल्पनेवरून ऑन्टॅरिओ प्रांतातील लंडन या शहरचे शिक्षक डेल ह्यूबर्ट यांनी १९९५ साली उपक्रम सुरू केला. मुलाने कागदाचा स्टॅन्ली कापून रंगवायचा आणि पत्रासह परगावी पाठवायचा. तेथील मुलाने त्याला पाहुणा मानून गावात हिंडवायचे, त्याची रोजनिशी लिहायची आणि ती हकीकत देऊन त्याची परत पाठवणी करायची.

या खेळाचे मर्म पाहुणचारात आहे. रोजच्या वाटेवरचे तळे मुलाच्या डोळ्यांत भरत नाही. पण पाहुण्यास ते दाखवायचे म्हटले की त्याचे नाव, त्याची गोष्ट मूल वडीलधाऱ्यांना विचारू लागते.

असा पाहुणा रायपूरच्या एखाद्या मराठी घरी आला तर त्याला दाखविण्याजोगे पुष्कळ आहे. गावात बूढा तालाब आहे. ज्या शहरात १८७७ साली किशोरवयीन नरेंद्र, म्हणजे पुढील काळातील स्वामी विवेकानंद, वडिलांपाशी राहावयास आले, ते हेच. गीतारहस्य आणि दासबोध हिंदीत नेणारे माधवराव सप्रे १९२६ साली येथेच निवर्तले. श्रावणी अमावास्येला येथील मुले मातीचे नंदीबैल ओढतात. नागपूरकडील मुले तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरवितात. हे साम्य दोन मुलांनी एकमेकांस कळविले तर भूगोलाच्या पुस्तकाहून अधिक लक्षात राहील.

परप्रांतातील मराठी घरांत या पत्रांचे मोल आणखी एका कारणाने आहे. शाळा हिंदी वा इंग्रजी. त्यामुळे मराठी जिभेवर राहते, हातात उतरत नाही. वस्तुतः हिंदी शिकलेल्या मुलास देवनागरी अवगत असतेच. मुख्यतः ‘ळ’ तेवढा नवा. पाहुण्यास ‘तळे’ आणि ‘पोळा’ दाखविताना तोही आपोआप गिरविला जातो. उणीव लिपीची नसून लिहिण्याच्या प्रसंगाची आहे.

टपालाची व्यवस्थाही मुलास येथे उलगडते. संस्कृत कवी आणि डाक-तार खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा अंकी पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. रायपूरचा ४९२००१ आणि पुण्याचा ४११००१ यांतील पहिला ‘४’ एकाच विभागाचा. ‘४९’ने छत्तीसगढ ओळखावे, शेवटच्या तीन अंकांनी टपाल कचेरी.

शिक्षकांनी मात्र एक दक्षता घ्यावी. पाहुणा ठेवून घेण्यासाठी येत नाही. त्याची पाठवणी राहिली, तर परगावी एक मूल पोस्टमनची वाट पाहत राहते आणि दुसरे पत्र लिहिण्याचा त्याचा उत्साह मावळतो. म्हणून पाहुणा येईल त्याच दिवशी त्याच्या परतीची तारीख फळ्यावर लिहून ठेवावी.