तारीख मिळेपर्यंत आजार थांबत नाही

खेड्यातल्या घरात कुणाला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे ठरले की पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा तारखेचा. तालुक्याचे डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात. जिल्ह्याला गेल्यावर कळते की तज्ज्ञ ठरावीक दिवशीच बसतात, सोनोग्राफीची तारीख पुढच्या महिन्याची आहे आणि रिपोर्ट घेऊन पुन्हा यायचे आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले, हे खरे. पण एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी घरालाच सोसावी लागते. अम्मी स्वतः आजारी असेल तर आणखी अवघड. मुले कुणाकडे ठेवायची, सोबत कोण जाणार, याच विचारात जाणे लांबते. आजार मात्र कुणासाठी थांबत नाही.

तज्ज्ञ आहेत कुठे?

सरकारी नियमाप्रमाणे साधारण १ लाख २० हजार लोकवस्तीमागे, डोंगरी व आदिवासी भागात ८० हजारांमागे, एक सामुदायिक आरोग्य केंद्र हवे. आपल्याकडे ते काम बहुतेक ठिकाणी ग्रामीण रुग्णालय करते. तेथे सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत अशी अपेक्षा आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार देशभरातील ग्रामीण केंद्रांत अशा तज्ज्ञांची जवळजवळ ८० टक्के कमतरता होती. म्हणजे पाच हवेत तेथे एक. मग सगळी गर्दी जिल्ह्याच्या आणि शहरांच्या रुग्णालयांवर लोटते.

जागा भरल्याच पाहिजेत, त्याला पर्याय नाही. पण एक तज्ज्ञ घडायला दहा-बारा वर्षे लागतात. तोवर रांगेतल्या माणसाने काय करायचे? या प्रश्नाला अमेरिकेतल्या एका गरीब राज्यात मिळालेले उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

आठ महिन्यांची रांग दोन आठवड्यांवर

न्यू मेक्सिको हे राज्य आकाराने महाराष्ट्रापेक्षा किंचित मोठे, पण वस्ती जेमतेम २० लाख. तेथील अल्बुकर्की शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयात भारतात जन्मलेले डॉ. संजीव अरोरा लिव्हरचे तज्ज्ञ म्हणून काम करीत होते. राज्यात हिपॅटायटिस सी या आजाराचे हजारो रुग्ण होते. हा आजार दूषित रक्तातून आणि वापरलेल्या सुयांतून पसरतो. वर्षानुवर्षे तो त्रास देत नाही आणि कळतो तेव्हा अनेकदा लिव्हर आक्रसलेले असते किंवा कर्करोग झालेला असतो. शंभरातल्या पाच रुग्णांनाही उपचार मिळत नव्हते. डॉ. अरोरांची भेट मिळायला आठ महिने लागत. उपचारासाठी वारंवार यावे लागे आणि काही जणांचे गाव चारशे किलोमीटर दूर होते. आजार वेळीच कळूनही केवळ अंतरामुळे उपचार न घेतलेले रुग्ण शेवटी कर्करोग घेऊन त्यांच्यासमोर येत.

२००३ मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली. खेड्यातल्या साध्या डॉक्टरांना त्यांनी आठवड्यातून एकदा पडद्यावर एकत्र बसवायला सुरुवात केली. प्रत्येक डॉक्टर आपला एकेक रुग्ण, नाव न सांगता, सर्वांसमोर मांडे. तज्ज्ञ सल्ला देत आणि बाकीचे ऐकून शिकत. काही महिन्यांत हे डॉक्टर बहुतेक रुग्ण स्वतः सांभाळू लागले. या उपक्रमाचे नाव प्रोजेक्ट एको.

शिकाऊ हातात जीव दिला, अशी शंका कुणालाही येईल. तिचे उत्तर २०११ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले. ४०७ रुग्णांची तुलना केली गेली. विद्यापीठात तज्ज्ञांकडे उपचार घेणाऱ्यांपैकी ५७.५ टक्के बरे झाले, तर गावातल्या दवाखान्यांत आणि तुरुंगांत उपचार घेणाऱ्यांपैकी ५८.२ टक्के. इकडे विद्यापीठातली रांग दीड वर्षात आठ महिन्यांवरून दोन आठवड्यांवर आली. ज्यांना खरोखर तज्ज्ञांच्याच हाताची गरज होती, त्यांचा नंबर लवकर लागू लागला.

आपल्या दाराशी काय आहे?

एको आता भारतातही काम करते. शिवाय सरकारची ई-संजीवनी सेवा २०१९ पासून सुरू आहे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी पडद्यावरून डॉक्टरांशी रुग्णाचे बोलणे करून देतात. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशात अशा १० कोटी सल्लामसलती झाल्या होत्या. फरक एवढाच की ई-संजीवनीत आजच्या रुग्णाला सल्ला मिळतो, तर एकोमध्ये गावचा डॉक्टर उद्याच्या रुग्णासाठी तयार होतो. दोन्ही हवे. अर्थात ऑपरेशन पडद्यावरून होत नाही. त्यासाठी भूलतज्ज्ञासह माणसेच लागतात.

घराने काय करावे?

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर विचारा, "तज्ज्ञांचा सल्ला येथूनच घेता येईल का?" पुढे पाठवलेच तर संदर्भ चिठ्ठी मागून घ्या आणि त्या विभागाचा वार कोणता ते निघण्याआधी विचारून ठेवा. जुने रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एकाच फाइलमध्ये लावा. फाइल घरी राहिली तर तपासण्या पुन्हा कराव्या लागतात आणि एक फेरी वाढते. पुढची तपासणी गावात होऊ शकते का, हे तज्ज्ञांना त्याच वेळी विचारा. आपल्याला जाणे जमणार नसेल तर आधी कळवा. ती जागा दुसऱ्याच्या कामी येईल. मोहल्ल्यातली शिकलेली मुले-मुली आजूबाजूच्या दादी-नानींच्या फाइली लावून देऊ शकतात. आणि प्रकृती अचानक बिघडली तर तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

हिपॅटायटिस सीवर आता गोळ्यांनी, बहुधा १२ आठवड्यांत, उपचार होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात. ज्यांना पूर्वी बाहेर रक्त चढवले आहे किंवा एकाच सुईने अनेकांना इंजेक्शने देणाऱ्यांकडे जे जात असत, त्यांनी एकदा रक्ततपासणी करून घ्यावी.

राहिला प्रश्न व्यवस्थेचा. ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला ग्रामसभा असते. आपल्या रुग्णालयात तज्ज्ञांच्या किती जागा आहेत, किती भरल्या आहेत, आणि जागा रिकाम्या असतील तर तेथील डॉक्टर दर आठवड्याला कोणत्या तज्ज्ञांशी बोलतात, हे तेथे विचारता येते. हा प्रश्न एकट्या घराने विचारला तर तक्रार वाटेल. दहा घरांनी मिळून, आणि त्यांत बायकांनीही उभे राहून विचारला, तर त्याचे उत्तर द्यावे लागेल.