एका गाण्याचे मालक किती?

समजा आपल्या बुऱ्हाणपुरातल्या एखाद्या सराफी पेढीने आषाढी एकादशीनिमित्त दूरचित्रवाणीवर जाहिरात द्यायचे ठरवले. चित्रात तापीचा घाट आणि दिंडी; मागे तुकोबांचा अभंग, चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज लता मंगेशकरांचा. तुकोबा तर सगळ्यांचेच. मग परवानगी मागायची कोणाकडे?

त्यासाठी शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण ही तीन अंगे वेगळी पाहावी लागतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तुकोबांचे शब्द केव्हाच मोकळे झाले. खळे २०११ साली गेले. त्यांच्या चालीवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत राहील. ध्वनिमुद्रणावरचा हक्क तिसराच. तो प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे शब्दांना मोल नाही, पण चाल आणि मुद्रण यांसाठी दोन परवाने हवेत. तोच अभंग गावातल्या गायकाकडून नव्या चालीत गाऊन घेतला, तर करार फक्त त्या संगीतकाराशी आणि गायकाशी.

घाबरून मात्र जाऊ नये. धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत गाणी म्हणण्या-वाजवण्यास कायद्याने सूट दिली आहे. प्रश्न येतो तो गाणे चित्राला जोडून माल विकताना. तेव्हा कोणत्या माध्यमात, किती काळ, कोणत्या प्रदेशात, हे सारे करारात लिहावे लागते आणि त्यावरच किंमत ठरते.

मोठा निर्माता यासाठी वकील नेमतो; लहान दुकानदार कोणाकोणाची दारे ठोठावणार? ही अडचण ओळखून काही नवे उद्योग उभे राहिले. मुंबईत २०२१ साली सुरू झालेली ‘हूपर’ ही कंपनी त्यांपैकीच. हक्कांचा गुंता आधीच सोडवलेले संगीत एका ठिकाणी ठेवायचे आणि ठरलेल्या शुल्कात त्याचा परवाना द्यायचा, असा हा व्यवसाय.

पण शुल्क गोळा झाले, तरी ते निर्मात्यापर्यंत पोहोचते का? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गाण्याचा मालक, वेगळा करार नसल्यास, चित्रपटनिर्माताच. गीतकार-संगीतकारांच्या पुढच्या कमाईची वाट त्यामुळे अडली. २०१२ च्या दुरुस्तीने ती मोकळी केली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिची बाजू मांडली होती. आता ते गाणे चित्रपटगृहाबाहेर वापरले गेले, तर रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकारांचा. तो लिहून देऊनही सोडता येत नाही. फक्त वारसांना किंवा हक्कसंस्थेला देता येतो. १९६९ पासून काम करणारी ‘आयपीआरएस’ ही अशीच संस्था. सभासदांच्या नोंदलेल्या रचनांचे पैसे ती गोळा करते.

‘वारस’ हा शब्द आपल्याशी जवळचा आहे. आपल्या भजनी मंडळांच्या आणि घरांच्या जुन्या वह्यांत गाणी उतरवलेली असतात. चाल कोणी बांधली, हे क्वचितच लिहिलेले असते. नाव नसेल तर हक्क सांगणार कोण, आणि वाटा पोहोचणार कोणाला? म्हणून विनंती एवढीच: ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आहेत तोवर, प्रत्येक गाण्याखाली कवीचे, चाल बांधणाऱ्याचे आणि गाणाऱ्याचे नाव व साल लिहून ठेवा. कायद्याचे संरक्षण मिळवायला पुरावा लागतो, आणि तो पुरावा या वह्यांतच आहे.