कुत्रा उन्हात का पहुडतो?

मार्गशीर्ष-पौषातील सकाळी वस्तीवर जाणाऱ्या कोणासही एक दृश्य परिचयाचे असते. रात्रभर राखण केलेला कुत्रा दिवस उगवताच अंगणातील पहिले ऊन शोधून तेथे अंग टाकतो आणि ऊन सरकले की आपणही उठून पुढे सरकतो. धन्यास हा आळस वाटतो. वास्तविक त्यात आळस थोडा व हिशेब फार आहे.

कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेंटिग्रेड, म्हणजे माणसाहून एक-दीड अंशाने अधिक असते. ते कायम राखण्यासाठी त्यास खाल्लेले अन्न जाळावे लागते. गारठा वाढला की हा खर्च वाढतो. गावच्या कुत्र्याचे केस आखूड, अंगावर चरबी बेताची आणि पोटात उरलीसुरली भाकरी. अशा प्राण्यास उन्हाची ऊब म्हणजे न खाता मिळालेली अर्धी भाकरीच होय. रात्री नाक शेपटीखाली घालून तो मुटकुळे करतो, कारण त्यामुळे वाऱ्यास लागणारे अंग कमी होते. उन्हात तोच कुशीवर लांब पसरतो. विझत्या चुलीची राख आणि उकिरडा यांची त्याची आवडही याच जातीची आहे. कुजणाऱ्या शेणकचऱ्यात उष्णता निर्माण होते, हे कंपोस्टचा खड्डा भरणाऱ्या शेतकऱ्याइतकेच कुत्र्यासही ठाऊक असते. म्हाताऱ्या कुत्र्याचे आखडलेले सांधे उबेने सैल होतात, म्हणून ते उन्हातून लवकर उठत नाही.

येथे एका प्रचलित समजुतीचा विचार करणे अगत्याचे आहे. उन्हामुळे कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते व हाडे बळकट होतात, हे माणूस व गाईगुरे यांच्या बाबतीत खरे आहे. त्यावरून कुत्राही त्यासाठीच उन्हात बसतो असे पुष्कळ जण सांगतात. पण ते बरोबर नाही. ज्या द्रव्यापासून उन्हात हे जीवनसत्त्व बनते, ते द्रव्य कुत्र्याच्या कातडीत फारच थोडे शिल्लक राहते. त्याचे आधीच कोलेस्टेरॉलमध्ये रूपांतर होऊन जाते. हॉलंडमधील उट्रेक्ट येथील संशोधकांनी १९९४ साली कुत्रा व मांजर या दोघांविषयी हे दाखवून दिले. दोन्ही प्राणी मूळचे मांसाहारी. शिकारीच्या यकृतातून व चरबीतून त्यांना ‘ड’ जीवनसत्त्व आयते मिळत आले. मौज अशी की, मुडदूस हा रोग आहारातील उणिवेने होतो हे इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलॅन्बी यांनी १९१९ च्या सुमारास सिद्ध केले ते कुत्र्याच्या पिलांवरच. धान्याच्या लापशीवर वाढविलेल्या पिलांचे पाय वाकले आणि कॉड माशाचे तेल दिलेली पिले त्यातून वाचली.

यातून व्यवहाराची गोष्ट एवढीच की, नुसत्या भाकरी-ताकावर ठेवलेले पिलू उन्हात कितीही लोळले तरी त्याची हाडे उन्हाने सुधारणार नाहीत. त्यास अधूनमधून अंडे, मासळी किंवा शिजविलेले थोडे यकृत मिळाले पाहिजे. अगदी लहान पिलांना तर स्वतःचे तापमान राखणेच जमत नाही. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना आईची कूस व कोरडे गोणपाट हवे. त्यांना आईपासून वेगळे काढून उन्हात ठेवू नये.

हिवाळ्यात जे सुख, तेच चैत्र-वैशाखात जिवावर बेतते. कुत्र्यास पंजाच्या तळव्यांखेरीज अन्यत्र घाम फारसा येत नाही. जीभ बाहेर काढून धापणे हाच अंग थंड करण्याचा त्याचा मुख्य उपाय. मोकळा कुत्रा ऊन लागताच सावलीत जातो. साखळीच्या कुत्र्यास ते शक्य नसते. सकाळी कडुनिंबाच्या पश्चिमेस सावली पाहून बांधलेला कुत्रा दुपार कलताच भर उन्हात येतो. घरचे लोक रानात असतात, पाण्याचे भांडे लवंडलेले असते. म्हणून कुत्रा बांधताना दुपारी तीन वाजता सावली कोठे असेल हे पाहावे. पत्र्याच्या बुटक्या खोपटात तर त्यास कोंडूच नये, आणि धापता येणार नाही असे तोंड बांधू नये.

अतिशय धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या व ओकारी ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा कुत्र्यास ताबडतोब सावलीत घेऊन सर्वांगावर साधे थंड पाणी ओतीत राहावे व वारा घालावा. ओले पोते अंगावर तसेच पडू देऊ नये. ते तापते व आतील उष्णता कोंडते. शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पाजावे, बेशुद्धाच्या तोंडात ओतू नये. अंग गार करण्यास प्रारंभ झाल्यावरच पशुवैद्यकीय दवाखान्याकडे न्यावे.

याउलट, इतर कुत्री सावली शोधीत असता एखादे उन्हातच कुडकुडत पडले असेल, तर त्यास ताप असण्याचा संभव असतो. ते दवाखान्यात दाखवावे. पांढऱ्या, विरळ केसांच्या कुत्र्याचे नाक व पोट उन्हाने भाजते आणि वर्षानुवर्षांच्या भाजण्याने तेथे कर्करोगही होऊ शकतो. नाकावर किंवा पोटावर न भरणारी जखम दिसल्यास ती हळद लावून झाकू नये.

थंडीत डांबरी सडक मावळतीनंतरही ऊब धरून असते व कुत्री तेथे जाऊन निजतात. सकाळच्या उन्हात ती ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून झोपलेली आढळतात. यंत्र सुरू करण्यापूर्वी चाकांच्या मागे व ट्रॉलीखाली एकदा वाकून पाहावे. म्हातारे कुत्रे अनेकदा बहिरे झालेले असते आणि नुसत्या हाकेने उठत नाही.